दशावतार आणि घरचा अभ्यास : एकच आख्यान दोनदा बघण्याबद्दल

माडाखालची

होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत नाटक, सर्कस, गाण्याची बैठक असं काही बघून आलं की पुढे काय करायचं, हा प्रश्न येतोच. बरेच पालक दुसऱ्या दिवशी मुलांपुढे वही ठेवतात आणि 'काल काय पाहिलंस त्यावर दहा ओळी लिही' म्हणतात. मुलं लिहितात, पण पुढच्या वेळी 'नाटकाला चल' म्हटलं की कां-कूं करतात. त्याऐवजी काय करता येईल यावर आमच्या घरी जे जमून आलंय ते लिहितेय. तुमचे अनुभवही वाचायला आवडतील.

आम्ही पुण्यात राहतो, गाव वेंगुर्ल्याकडचं. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. दिवाळीनंतर सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत दशावतारी नाटकं चालू असतात. आमच्या वर्षाच्या अभ्यासाला या रात्रींनी जेवढं खाद्य दिलंय तेवढं कुठल्याही विकतच्या अभ्याससंचाने दिलेलं नाही.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. देवळासमोर मंडप, मागे एक पडदा, पुढे एक लाकडी बाक. कडेला पायपेटी, मृदंग आणि झांज. नेपथ्य म्हणून एवढंच. पालखी फिरून आल्यावर रात्री उशिरा खेळ उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. पूर्वी आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा पूर्वरंग, पूर्ण व्हायचा: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी आणि वेद पळवणारा संकासूर. हल्ली बहुतेक ठिकाणी तो आटोपता घेतात आणि लवकर आख्यानाला हात घालतात. आख्यान पुराणातलं, रामायणातलं किंवा महाभारतातलं. स्त्रीपात्रं परंपरेने पुरुषच करतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : संहिता नसते. कथा ठरलेली, प्रवेशांचा क्रम ठरलेला, पण संवाद नट तिथल्या तिथे उभे करतात. राजा आणि ऋषी यांची वीस-वीस मिनिटांची जुगलबंदी ऐकताना आपल्याला वाटतं की पाठ केलेलं आहे. ते पाठ केलेलं नसतं.

आमची पद्धत अशी. नाटकाला जाण्याआधी मुलांना फक्त कथा सांगायची. अर्थ नाही, तात्पर्य नाही, 'यातून काय शिकायचं' नाही. तिथे असताना काहीही विचारायचं नाही. कागद-पेन न्यायचं नाही. झोप आली तर चटईवर झोपू द्यायचं. परत आल्यावर त्यांच्या तोंडून जो प्रश्न पहिला निघेल त्याच्या मागे जायचं.

मुलीचा पहिला प्रश्न होता, "हे सगळं पाठ कसं करतात?" पाठ करत नाहीत हे कळल्यावर ती म्हणाली, "मग उद्या बोलतील ते वेगळं असेल?" तिथून आमचा खरा अभ्यास सुरू झाला. आम्ही तेच आख्यान दुसऱ्या मंडळाचं, दुसऱ्या गावात जाऊन बघितलं. आख्यान होतं जालंधर-वृंदेचं.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. जालंधर असुर, त्याची बायको वृंदा. तिच्या पातिव्रत्यामुळे जालंधर कोणाला आवरत नाही. विष्णू जालंधराचं रूप घेऊन वृंदेला फसवतो, जालंधर शंकराच्या हातून मरतो, वृंदा विष्णूला शाप देते आणि स्वतःला जाळून घेते. त्या जागी तुळस उगवते. कार्तिकात आपण तुळशीचं लग्न लावतो त्यामागे सांगितली जाणारी ही गोष्ट.

पहिल्या मंडळाच्या नाटकात वृंदेचा शाप मोठा होता. ती भूमिका करणाऱ्या नटाने विष्णूला अक्षरशः आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, आणि विष्णूने मान खाली घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या मंडळात शाप चार वाक्यांत उरकला, पण विष्णू पुढे येऊन बराच वेळ बोलला. जगाच्या रक्षणासाठी मला हे करावं लागलं, पाप मात्र माझंच, असं काहीसं. मुलगी परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाली, "आई, कथा तीच आहे पण चूक कोणाची ते बदललं."

हे वाक्य मी तिला शिकवू शकले नसते. पुढचे अनेक आठवडे आम्ही या एका वाक्यावर काम केलं. दोन्ही नाटकांतले प्रवेश आठवून लिहिले, कोणत्या पात्राला किती वेळ बोलायला मिळालं ते अंदाजाने मांडलं, जालंधराच्या बाजूने कोणीच का बोलत नाही यावर वाद घातला, आणि शेवटी तिने स्वतः वृंदेचं भाषण उभं राहून, न लिहिता केलं. धाकट्याने विष्णू केला. त्याचं सगळं भाषण 'चुकलं माझं' एवढंच होतं आणि ते चांगलं होतं.

---

शमिका_कोथरूड

किती छान लिहिलंयस! आम्ही याच वर्षी मुलाला (वय ९) शाळेतून काढलंय, त्यामुळे सगळंच नवीन आहे. दोन शंका.

एक, सात वर्षांच्या मुलाला वृंदेची गोष्ट कशी सांगितलीस? मला तरी अवघड गेलं असतं.

दुसरी, हे सगळं 'अभ्यास' म्हणून कुठे नोंदवतेस? आमच्या सासूबाई रोज विचारतात की आज काय शिकवलं. उद्या परीक्षेला बसवायची वेळ आली तर काय दाखवायचं?

---

माडाखालची

@शमिका, धाकट्याला सांगितलं की विष्णूने तिच्या नवऱ्याचं सोंग घेतलं आणि ती त्याला आपला नवरा समजली. ती फसली म्हणून जालंधराचं कवच गेलं. सात वर्षांच्या मुलाला फसवणूक नीट कळते. त्यापुढचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुलीने विचारलं, तिला तिच्या वयाला पेलेल इतपत सांगितलं. दशावतारातही तो भाग सूचकच असतो, तिथे बघताना संकोच वाटेल असं काही आम्हाला दिसलं नाही.

नोंदींचं म्हणशील तर एक साधी डायरी आहे. तारीख, गाव, आख्यान, आणि खाली मुलांच्याच शब्दांत त्यांचे प्रश्न. उत्तरं लिहायची सक्ती नाही. परीक्षेची काळजी आत्ता करू नकोस. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची म्हणजे एनआयओएसची दहावी वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बसणारेही आहेत. तिथे कोणी वृंदेचं भाषण मागत नाही. पण ज्या मुलाला दोन बाजू मांडता येतात त्याला कुठल्याही विषयाचं दीर्घोत्तर लिहिणं जड जात नाही, हे मी आजूबाजूच्या मोठ्या मुलांत बघतेय.

---

तिठ्यावरचो

माडाखालची ताई, तुमचो धागो वाचून बरां वाटलां! मी कुडाळ तालुक्यातला. लहानपणापासून दशावतार बघत आलो, घरातले दोघे मंडळात होते. काही गोष्टी जोडतो.

संहिता नाही म्हणजे तयारी नाही असं मुलांना वाटू देऊ नका. खेळाआधी मंडळातले जाणते सगळ्यांना कथा समजावून देतात. कोणाचा प्रवेश कोणानंतर, कुठे युद्ध, कुठे पद. त्यापुढे नटाचं स्वतःचं वाचन आणि कानावरून गेलेलं. जुने नट पोथ्या वाचत, कीर्तनं ऐकत. समोरच्याने अनपेक्षित मुद्दा काढला तर त्याला पुराणातलाच दाखला देऊन उत्तर द्यावं लागतं. ज्याच्याकडे साठा नाही तो दोन वाक्यांत उघडा पडतो, आणि आमचा गावातला प्रेक्षक ते लगेच ओळखतो. नवशिका मुलगा आधी छोट्या भूमिकेत उभा राहतो, वर्षानुवर्षं मोठ्यांचं ऐकतो आणि मग कुठे त्याला राजा मिळतो.

मुलांना जे दाखवायलाच हवं ते म्हणजे रंगपट. खेळाच्या आधी तास-दीड तास जा. देवळाच्या धर्मशाळेत किंवा शाळेच्या खोलीत नट आपापला आरसा घेऊन बसलेले असतात. आपला चेहरा आपणच रंगवतात. डोळ्यासमोर एक मिशीवाला माणूस हळूहळू वृंदा होताना बघणं हा अनुभव वेगळाच. मात्र आधी मंडळाच्या मालकांना विचारा, आणि पेटाऱ्याला पाय लागणार नाही याची काळजी घ्या. त्यात गणपतीचा मुखवटा असतो, त्याची पूजा झाल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. पूर्वी हा पेटारा डोक्यावर घेऊन मंडळं गावोगाव चालत जायची.

खेळ संपल्यावर मात्र नटांना प्रश्न विचारायला जाऊ नका. रात्रभर उभे असतात, खोबरेल तेलाने रंग काढायचा असतो आणि त्याच दिवशी संध्याकाळी पुढचं गाव गाठायचं असतं.

---

गणिताच्या बाई

मी निवृत्त शिक्षिका, होमस्कूलिंगवाली नव्हे, पण धागा वाचून राहवलं नाही.

जत्रा तिथीवर असतात, तेव्हा आकाश बघा! कार्तिक पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, महिन्याचं नावच त्यावरून पडलं. सिंधुदुर्ग साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर. कृत्तिका खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेच्या, सुमारे २४ अंश उत्तरेला. म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री चंद्र कोकणात जवळजवळ डोक्यावर येतो. मंडपाच्या बाहेर चांदण्यात उभं राहिलं की आपली सावली पायाशी गोळा झालेली दिसते, ऐन उन्हाळ्यातल्या दुपारसारखी. मुलांना विचारा, सावली सगळ्यात लहान कधी झाली? उत्तर घड्याळातल्या बाराला येत नाही, बारा वाजून गेल्यावर येतं. कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि कोकण त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटं. बाकीचं गणित मुलांना करू द्या. त्यांचं उत्तर प्रत्यक्षात दिसेल त्याच्याशी तंतोतंत जुळणार नाही, कारण वर्षभरात सूर्यही घड्याळाच्या मागेपुढे चालतो आणि पौर्णिमा नेमकी किती वाजता भरते तेही वेगळं असतं. ती तफावत मोठ्या मुलांसाठी पुढचा धडा.

मग ज्येष्ठातल्या पौर्णिमेला पुन्हा चंद्र बघायला लावा. तो दक्षिणेकडे खाली सरकलेला असेल. हिवाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र उंच आणि उन्हाळ्यातला खाली, सूर्याच्या बरोबर उलट. हे पाठ्यपुस्तकातल्या आकृतीवरून कळायला मुलांना फार वेळ लागतो. सावली बघितली की एका रात्रीत कळतं.

अंधाऱ्या पक्षातल्या जत्रेला गेलात तर चंद्राऐवजी मृग नक्षत्र बघा. तिन्हीसांजेला, मध्यरात्री आणि पहाटे कुठे आहे, एवढंच.

---

माडाखालची

बाई, हे अप्रतिम आहे! सावलीचं मला सुचलंच नसतं. या वर्षी नक्की करतो.

---

उनाडराव

जरा वेगळं मत मांडतो. राग मानू नये.

मी लहान असताना आजोबांच्या मांडीवर बसून दशावतार बघितला. मला ना अक्षांश कळले, ना संहिता. संकासुराला घाबरून घोंगडीत तोंड लपवलं, उठलो तेव्हा उजाडलं होतं, मग खाजा खाल्ला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या आठवणींपैकी ती एक. त्यात कोणी मला 'आता तुलना कर' म्हटलं असतं तर ती आठवण राहिली असती का? होमस्कूलिंगवाल्यांची मला एकच भीती वाटते. मूल शाळेतून सुटतं, पण शाळा घरभर पसरते. जेवताना अपूर्णांक, प्रवासात भूगोल, नाटकात नीतिशास्त्र. पोराने नुसतं बघायचं कधी?

---

शमिका_कोथरूड

उनाडराव, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. आमच्या घरी हे व्हायला लागलंय.

---

माडाखालची

उनाडराव, राग कसला, तुम्ही बोललात ते बरं झालं. म्हणूनच 'तिथे काहीही विचारायचं नाही' हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नाटक चालू असताना मी फक्त शेजारी बसते. माझा मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळ झोपला होता. त्याला जे आठवलं ते एवढंच : राक्षस आला की मृदंग 'रागावतो'. आम्ही त्यावर लगेच काहीच केलं नाही. बऱ्याच दिवसांनी तो स्वतःच डबा घेऊन बसला आणि 'राक्षसाचा' आणि 'देवीचा' असे दोन ठेके वाजवायला लागला. मग त्याच्या बाबांनी मात्रा मोजून दाखवल्या.

तुलना मी करायला लावली नाही. मुलीने 'उद्या वेगळं असेल का' असं विचारलं नसतं तर आम्ही दुसऱ्या मंडळाचं नाटक शोधत फिरलो नसतो. प्रश्न मुलाचा असेल तर त्यामागे कितीही लांब जावं. प्रश्न आपला असेल तर तो आपणच वाचून सोडवावा, मुलाच्या गळ्यात घालू नये. तुमच्या घोंगडीतल्या आठवणीला मी कधीच हात लावणार नाही.

---

उनाडराव

हे पटलं. लिहिते राहा.

---

हरमलची वाट

गोव्यातून लिहितेय, पेडणे तालुका. आमच्याकडे याला 'कालो' म्हणतात. देव-राजे भरजरी मराठी बोलतात आणि विनोदी पात्र कोकणीत घुसतं. आमच्या घरी कोकणी, शाळेत इंग्रजी. मला मराठी कानावर पडली ती आधी काल्यातून. 'हे प्राणनाथ', 'आपली आज्ञा शिरसावंद्य' हे मी वाचायच्या आधी ऐकलं होतं.

माझ्या मुलांसोबत आम्ही एक खेळ करतो. एकच वाक्य तीन तऱ्हेने. राजा : "उद्या सूर्योदयास आम्ही तुझ्या नगरीवर चालून येऊ." घरातली मराठी : "उद्या सकाळी येतो, बघतोच तुला." विनोदी पात्र मालवणीत : "फाल्यां सकाळी येतंय, मगे बघतंय तुका." मुलं हसून लोळतात आणि त्याच वेळी कळतं की माणूस बदलला की वाक्याची लांबी, शब्द, क्रियापद सगळं बदलतं. मोठ्या मुलाने तर पेट्रोलपंपावरचं संभाषण राजाच्या भाषेत लिहून काढलं.

---

तिठ्यावरचो

+१. संकासूर मालवणीत बोलतो म्हणूनच तो आमचा. काळा वेष, टोकदार टोपी, पोरं घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. देवांना जे प्रश्न कोणी विचारत नाही ते तो विचारतो. गावातल्या रस्त्यापासून सरपंचापर्यंत कोणाची गय नाही.

---

दप्तरमुक्त

मी इतिहासाच्या अंगाने बघितलं. दशावतार कोकणात कोणी आणला यावर मुलीला शोध घ्यायला सांगितलं (वय १३). पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं की १७२८ च्या सुमारास आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी आणला. तिने ते वहीत उतरवलं आणि विषय संपला असं म्हणाली. मग मी तिच्यापुढे दासबोध ठेवला. त्यात दशावतारी खेळाचा स्पष्ट उल्लेख आहे. खेळात सुंदर स्त्रिया येतात, नेत्रकटाक्ष टाकतात, पण त्या सगळ्या खरं तर धटिंगण पुरुष, असा दाखला समर्थांनी दृश्य किती फसवं असतं हे सांगायला दिलाय. दासबोध सतराव्या शतकातला!

मग मुलीच्या डोक्यात चक्र सुरू झालं. १७२८ ला 'आणला' तर त्याआधी रामदासांनी काय पाहिलं? कोकणात नाही, दुसरीकडे पाहिलं असेल? की काळे यांनी नवीन रीत बसवली आणि लोकांनी त्यालाच सुरुवात मानलं? कर्नाटकातल्या यक्षगानाशी साम्य आहे म्हणून तिकडून आला म्हणणारेही अभ्यासक आहेत. तिने शेवटी कालरेषा काढली, त्यात विष्णुदास भावे यांचं १८४३ चं सांगलीतलं नाटकही टाकलं आणि 'कोणी आणला' या चौकटीत प्रश्नचिन्ह ठेवलं. मला त्या प्रश्नचिन्हाचं फार कौतुक वाटलं. शाळेच्या उत्तरपत्रिकेत त्याला शून्य मिळालं असतं.

---

बर्लिनहून

आम्ही जर्मनीत आहोत. इथे मुलाने शाळेत जाणं कायद्यानेच सक्तीचं आहे, होमस्कूलिंगला परवानगी नाही, त्यामुळे मी फक्त सुट्टीपुरता पालक-शिक्षक! पण नाताळच्या सुट्टीत सावंतवाडीला येतो तेव्हा मार्गशीर्ष-पौषातल्या जत्रा मिळतात. मागे मुलाने विचारलं होतं, "यांना पैसे कोण देतं? तिकीट कुठे आहे?" मला उत्तर नीट देता आलं नव्हतं. कोणी सांगेल का?

---

तिठ्यावरचो

सांगतो. जत्रेतल्या खेळाला तिकीट नसतं. देवस्थान किंवा गावकरी मंडळाला बिदागी देतात, कधी एखादं घर नवस फेडायला खेळ ठेवतं. त्या रकमेतून नट, वादक, गाडीभाडं, कपडे-मुकुटांची डागडुजी, पेटी-मृदंगाची दुरुस्ती सगळं भागवायचं. मंडळात दहा-पंधरा माणसं धरा. शिवाय प्रेक्षक एखाद्या पदाला किंवा संवादाला खूश होऊन नटाला बक्षीस देतात, ते वेगळं. पावसाळ्यात खेळ जवळजवळ बंद. तेव्हा बहुतेक जण शेतीत किंवा मिळेल त्या कामावर.

मुलाला हिशेब मांडायला सांगा. दिवाळी ते पाऊस किती रात्री, त्यातल्या किती रात्री काम मिळेल, आणि उरलेले चार-साडेचार महिने घर कशावर चालेल. आकडे इथे लिहीत नाही, मंडळागणिक फरक आहे. नटाला थेट 'तुम्हाला किती मिळतात' असं विचारू नये, मालकांशी ओळख झाली की ते स्वतः सांगतात.

---

दप्तरमुक्त

यालाच जोडून. जत्रेला नेताना एक गोष्ट बाजूला सारू नका. मुलं विचारतात, "मानाचा नारळ त्यांनाच का? ते लोक बाजूला का उभे आहेत? आईला तिथे का जाऊ देत नाहीत?" गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या रीतीभातीत, मानकरी कोण, कोणाचं काम कोणतं, हे जातीने ठरत आलंय. नाटक बघायला सगळं गाव एकत्र बसतं आणि त्याच आवारात मानपान मात्र वाटून दिलेला असतो. मुलाने विचारलं तर 'रीत आहे' म्हणून गप्प करू नये. आम्ही घरी यावर बोललो, आजोबांशी मुलीचं कडाक्याचं भांडणही झालं, आणि ते होऊ दिलं.

---

माडाखालची

दप्तरमुक्त, शंभर टक्के सहमत. आमच्याकडे हा प्रश्न 'बायका का काम करत नाहीत' यावरून आला. मुलीला पुरुषाने केलेली वृंदा मनापासून आवडली होती, तरी ती अडून बसली. मग तिला कळलं की सिंधुदुर्गात आता महिलांची दशावतारी मंडळंही उभी राहिली आहेत, तिथे राजा आणि राक्षसही बायकाच करतात. पुढच्या वेळी तेच बघायचं ठरलंय. तिला बघायचंय की बाईने केलेला जालंधर कसा बोलतो.

एक राहिलंच. दिवसा वेळ असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला नक्की जा. ठाकर समाजाची चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आणि कळसूत्री बाहुल्या तिथे बघायला मिळतात. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री पुरस्कार मिळाला. रात्री माणसांनी सांगितलेली रामायण-महाभारतातली कथा आणि दिवसा चित्रांनी सांगितलेली, असं एका दिवसात दोन्ही होतं. माझा मुलगा तर चामड्याच्या बाहुलीची सावली पडद्यावर मोठी-लहान का होते यात दिवसभर अडकला. बाहुली दिव्याजवळ नेली की सावली वाढते, हे त्याने घरी मेणबत्ती आणि पुठ्ठ्याने करून बघितलं.

---

शमिका_कोथरूड

धागा वर काढतेय. आम्ही गेलो! कोकणात जाणं जमलं नाही, पण मुंबईला बहिणीकडे गेलो असताना कोकणवासीयांच्या एका कार्यक्रमात दशावतार होता. बंदिस्त सभागृह, तीन तासांत आटोपलेला खेळ, जत्रा नाही, पण संहितेशिवायची जुगलबंदी होती. मी काहीही विचारलं नाही. फार जड गेलं, पण नाही विचारलं.

घरी आल्यावर मुलगा जेवता जेवता म्हणाला, "तो बाक एकच होता. आधी राजाचं सिंहासन होता, मग डोंगर झाला, मग राक्षस त्यावर उभा राहिला. बाक बदलला नाही तरी मला डोंगर दिसला." आणि मग : "देव आणि राक्षस एकाच बाकावर कसे बसतात? दोघांचं घर वेगळं ना?" मी सांगितलं, ज्यांना माहिती आहे त्यांना विचारते. तर @तिठ्यावरचो, उत्तर द्याल का? त्याने डायरीत जागा सोडून ठेवली आहे.

---

तिठ्यावरचो

त्याला सांगा, बाक कोणाचाच नाही. ज्याचा प्रवेश, त्याची राजसभा. राक्षस बसला की तो राक्षसाचा दरबार, तो उठून आत गेला आणि देव आला की वैकुंठ. मधे पडदा पडत नाही, दिवे जात नाहीत. जागा बदलल्याचं नट आपल्या बोलण्यातून सांगतो, "आम्ही कैलासावर येऊन पोहोचलो" म्हटलं की कैलास.

त्याला घरातल्या एका स्टुलावर उभं करा आणि फक्त बोलून तीन जागा दाखवायला सांगा. आधी वस्तू वापरायची नाही, मग एक उपरणं द्या. आणि पुढच्या कार्तिकात इकडे या. सोनुर्लीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या लगेच नंतर असते, गर्दी फार, म्हणून लहान मुलांसाठी मी आजूबाजूच्या छोट्या गावातली जत्रा सुचवेन. तारखा दिवाळीच्या सुमारास कळतात. याच धाग्यावर टाकीन. येताना जाड चादर, कानटोपी आणि बॅटरी आणा, पहाटे दंव पडतं. पोराक दुपारी निजवा, म्हणजे रात्री जागतलो.

---

शमिका_कोथरूड

स्टूल आणि उपरणं दोन्ही आत्ताच बाहेर काढलंय. त्याची पहिली जागा 'कोथरूडचा सिग्नल' आहे. तारखांची वाट बघते.